गालावरचा डाग

भोरच्या बाजारपेठेतल्या माझ्या स्टुडिओत डिजिटल कॅमेरा आला तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. जुन्या कॅमेऱ्यात रोल बदलताना मी आत तोंडाने एक फुंकर मारायचो. दर फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे सरकायचा, त्यामुळे कण बसलाच तर तो एका फोटोपुरता. नव्या कॅमेऱ्याची लेन्स काढली की तीच फुंकर. आत फिल्मच्या जागी सेन्सर कायमचा बसलेला असतो आणि त्यावर फुंकर मारू नये, हे माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. ती मी उघडलीच नव्हती.

आंबवड्याची एक आई मुलीला घेऊन आली. स्थळांना दाखवायला फोटो हवा होता. मी काढून दिला. पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, मुलीच्या गालावर वांग आहे का? फोटोत उजव्या गालावर मुगाएवढा करडा डाग होता. देताना तो मला दिसला नव्हता, कारण मी नीट पाहिलंच नव्हतं.

"भाऊ, असं काय न्हाई हो तिच्या तोंडावर. तुमीच बगा की," आई म्हणाली.

मी बघितलं नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांना मी नुकतंच नव्या कॅमेऱ्याचं कौतुक ऐकवलं होतं.

"ताई, कॅमेऱ्याला जे दिसलं तेच आलंय," मी म्हणालो. वर, जुन्या रोलमध्ये असले बारीक दोष झाकले जायचे, असं ज्ञानही पाजळलं. मुलगी गालाला हात लावून उभी होती. ती आठवली की आजही माझी मान खाली जाते.

त्याच महिन्यात वेल्ह्याच्या एका शाळेत वर्गांचे फोटो काढले. कॉम्प्युटरवर पाहतो तर पहिलीच्या पोरांच्या वर, आभाळात करडा डाग. दुसरीच्या वरही तिथंच. सातवीच्याही. मुलीचा फोटो मी कॅमेरा उभा धरून काढला होता, म्हणून मान वाकडी करून हाही फोटो उभा धरल्यासारखा पाहिला. डाग बरोबर त्या मुलीच्या गालाच्या जागी होता.

पुण्याहून हवा मारायचा रबरी फुगा आणि सेन्सर पुसायच्या पट्ट्या आणल्या. फुग्याने डाग हलेना. तो माझ्याच थुंकीचा वाळलेला शिंतोडा होता. ओल्या पट्टीने तिसऱ्यांदा पुसला तेव्हा कुठं निघाला.

आंबवड्याला निरोप धाडला, नवीन लाइट आणलेत, पुन्हा फोटो काढू. खरं कारण निरोपात घालायचा धीर झाला नाही. दोघी आल्या. पहिलं स्थळ मोडलं होतं, आता दुसरं आलं होतं. मुलीच्या उजव्या गालावर पावडरचा जाड थर होता. मी पुसायला सांगितलं. खालची कातडी सोलून लाल झाली होती. आधी लिंबू चोळलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून चुना लावला, असं आई म्हणाली.

मी फोटो काढला. लाल जागा कॉम्प्युटरवर साफ केली आणि फोटो दोघींना दाखवला.

"काका, गेला ना वो डाग?" मुलीनं विचारलं.

तो कधी नव्हताच, एवढंच मला सांगायचं होतं.

"हो, गेला आता," मी म्हणालो.

आईनं मला हात जोडले.