सरांचा मारानाथा

सांगलीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात एक निवृत्त प्राध्यापक रोज येऊन बसत. जगातला कुठलाही शब्द पाच मिनिटांत संस्कृतातून काढून दाखवणं हा त्यांचा उद्योग. त्याला विद्वत्ता लागत नाही, कोडगेपणा लागतो, आणि तो त्यांच्यापाशी भरपूर होता. मी त्यांच्या लेखांची प्रुफं तपासायचो आणि मान डोलवायचो.

एकदा उंब्रजहून एक निवृत्त नर्सबाई आल्या. नवरा नुकताच वारला होता. त्याच्या कबरीवरच्या दगडासाठी मजकूर जुळवून हवा होता: नाव, तारखा आणि खाली एकच शब्द, ‘मारानाथा’.

सर लगेच पुढे सरसावले. “मारा, नाथा! अहो, ही नाथपंथी जोग्यांची आरोळी. इथूनच गेलीय तिकडे, ख्रिस्ती लोकांत.”

नाथपंथ त्या शब्दानंतर कित्येक शतकांनी आला, पण असल्या किरकोळ गोष्टींनी सर कधी अडले नाहीत.

बाई शांतपणे म्हणाल्या, “आवं सर, मेलेल्या माणसाच्या दगडावर ‘मारा’ कशाला लिहील कुणी? अरामी भाषा हाय ती. येशू बोलायचा ती. मारान म्हंजे आमचा प्रभू.”

मग त्यांनी मला नीट समजावलं. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं एक पत्र ग्रीकमध्ये आहे; पण शेवटी हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवलाय. तेव्हा अक्षरं सलग लिहीत. ‘मारान अथा’ असा तोडला तर अर्थ ‘आमचा प्रभू आला आहे’. ‘माराना था’ असा तोडला तर ‘आमच्या प्रभू, ये’. “जाणकार दुसरा अर्थ धरत्यात. आमचं मालक म्हणायचं, दोन्ही ऱ्हाऊ द्यात. तुमी मधी जागा सोडू नका.”

महिन्याभरात सरांनी साताऱ्यात यावर व्याख्यान ठोकलं. विषय अर्थात जोग्यांची आरोळी. पेपरातली बातमी वाचून बाई उंब्रजहून आल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर उभ्या राहून त्यांनी अरामी अर्थ सांगायला सुरुवात केली, तशी सर हसून म्हणाले, “श्रद्धा वेगळी, संशोधन वेगळं. बसा, बाई.” सभागृहात टाळ्या पडल्या. संस्कृतची चार रूपं धड न येणारी ती माणसं एका विधवेला गप्प केल्याच्या आनंदात खिदळत होती. सरांची शाल सांभाळत मी पहिल्या रांगेत होतो. इतरांनी वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. बाई बसल्या नाहीत. पिशवी उचलून सरळ बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, “या व्याख्यानाचा लेख मी तपासणार नाही. खोटा आहे.” ते म्हणाले, “तुला काय कळतं त्यातलं?” त्यांना दुसरा माणूस मिळाला. लेख छापून आला, वाखाणलाही गेला.

दगडावरच्या मजकुराचा नमुना घेऊन मी स्वतः उंब्रजला गेलो. बाईंनी चष्मा लावून एकेक अक्षर बोटानं तपासलं.

“त्या दिवशी तुमीबी टाळ्या वाजवल्या न्हवं?”

“वाजवल्या.”

“व्हय, बघितलं मी,” त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या नावातली राहून गेलेली वेलांटी मला दाखवली.