मायरन हलायको खरं बोलतो

बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये मायरन हलायको एकूण चाळीस सेकंद खेळला. बर्फावर उतरल्याउतरल्या त्यानं समोरच्याच्या जबड्यावर ठोसा ठेवून दिला आणि पाच मिनिटं शिक्षेच्या खोक्यात जाऊन बसला. तिथून बाहेर आला तेव्हा प्रशिक्षकानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे तिथे तो खेळला कमी, बसला जास्त. आमच्या होल्बी गावात कुणालाही विचारा, हे आकडे तोंडपाठ असतात.

बाकीची तेरा वर्षं तो छोट्या लीगमध्ये भटकला. नऊ गावं, नऊ जर्सी, सगळा प्रवास बसनं. त्यातली चार वर्षं पार दक्षिणेत, जिथे रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरत आणि एप्रिलमध्ये बर्फाला घाम सुटे. तिथे त्याच्या खोलीत लायल पेनर होता. लायल आमच्या शेजारच्या टार्बेटचा. दोघांची गावं पंचवीस मैलांवर, पण ओळख झाली ती दीड हजार मैल दूर जाऊन.

मायरनचं कौशल्य गोल करण्यात नव्हतं, मरण्यात होतं. आपला संघ दमला की तो बर्फावर आडवा पडायचा, डोळे पांढरे करायचा, एक पाय थरथरवायचा. खेळ थांबायचा, डॉक्टर धावायचा, संघाला दम खायला मिळायचा. पहिल्यांदा तो असा मेला तेव्हा लायल त्याच्या उशाशी गुडघे टेकून खरंच रडला होता. मायरननं एक डोळा उघडून विचारलं, "दम खाल्लास का रे नीट?" त्या दिवसापासून लायलनं मायरनच्या कुठल्याही चेहऱ्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

गुडघा संपला तेव्हा मायरन परत आला आणि आमच्या संघाचा प्रशिक्षक झाला. संघ म्हणजे शेतकरी, एक गुरांचा डॉक्टर, एक पोस्टमन, आणि शाळेची बस चालवणारा कर्बी डिक. सगळे तिशी ओलांडलेले. मायरन त्यांना आधी पडायला शिकवायचा, मग उठायला, आणि वेळ उरला तर खेळायला. दिवसा तो धान्याच्या कोठारावर मालमोटारी तोलायचा, पण ते काम तो झोपेत केल्यासारखं करी. रिंकमध्ये पाऊल टाकलं की जागा व्हायचा. त्याची बायको दारिना म्हणायची, "ह्याला बेंचमागे उभं राहू दिलं नाही तर हा घरात माझ्यामागे उभा राहील. तुम्हीच ठेवा बाबा ह्याला."

पण ठेवायचं की नाही हे मिसेस फ्रीसनच्या हातात होतं. अर्मा फ्रीसन ही रिंक समितीची अध्यक्ष, सरळ पाठीची, सरळ बोलणारी. तिच्या चर्चमध्ये पत्ते नाहीत, नाच नाही, थापा तर नाहीतच. तीन वर्षं लागोपाठ आम्ही टार्बेटकडून अंतिम सामना हरलो होतो. तिसऱ्या वर्षी तर मायरननं पाहुण्या संघाच्या खोलीतलं गरम पाणी बंद करून ठेवलं, तरीही हरलो. लीगकडून आलेलं खरमरीत पत्र मिसेस फ्रीसनला भर सभेत वाचून दाखवावं लागलं. ती लाज तिच्या मानेवर आठवडाभर लाल दिसत होती.

चौथ्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात पोचलो, समोर पुन्हा टार्बेट, आणि त्यांचा प्रशिक्षक तोच लायल पेनर. मिसेस फ्रीसननं मायरनला बोलावून घेतलं.

"हरलास तर सोमवारी प्रशिक्षकाची शिट्टी आणून द्यायची," ती म्हणाली.

"आणि जिंकलो तर?"

"खोडी करून जिंकलास तरी शिट्टी आणून द्यायची."

"मिसेस फ्रीसन, मग मी करू तरी काय?"

"हॉकी," ती म्हणाली.

मायरननं दोन दिवस नियमांचं पुस्तक वाचलं. त्याच्या हातात पुस्तक आम्ही फक्त गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तो एक स्टिक घेऊन रिंकच्या स्वयंपाकघरात शिरला.

आता स्टिकच्या पात्याला थोडा बाक चालतो, जास्त नाही. बाक जास्त असला की पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, हवेत उसळतो आणि गोलकीपरचं काही चालत नाही. समोरच्या संघाला संशय आला तर त्यांचा कप्तान पंचाकडे मोजणी मागू शकतो. स्टिक वाकडी निघाली तर तिचा मालक दोन मिनिटं बाहेर. सरळ निघाली तर मोजणी मागणाऱ्यांचा एक गडी दोन मिनिटं बाहेर. आमच्या भागात मोजणी कुणी सहसा मागत नाही. शेजाऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलून बघण्यासारखं ते वाटतं.

स्वयंपाकघर तेता स्टेफाचं. ती तेता, म्हणजे मावशी, अख्ख्या गावाची. तिनं पिरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, पाणी उकळत ठेवलं होतं. मायरननं शेजारची शेगडी पेटवून स्टिकचं पातं तिच्यावर धरलं.

"अरे मेल्या, माझी शेगडी आहे ती! लोहाराची भट्टी नाही!"

"तेता, हळू बोल. कर्बीसाठी आहे. टार्बेटला कळता कामा नये."

"मला काय करायचंय तुमच्या लाकडांशी? काजळी बघ किती धरलीय!"

मायरननं तापलेलं पातं दाराच्या फटीत घालून असं वाकवलं की त्यानं सूप प्यायला आलं असतं. सलग चार दिवस तो हेच करत होता, त्याच एका स्टिकला. तेताची सख्खी बहीण टार्बेटमध्ये राहते आणि दोघी रोज सकाळी फोनवर असतात, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

बेत असा होता की ही वाकडी स्टिक बर्फावर येणारच नाही. ती बटाट्यांच्या पोत्यामागे पडून राहील. कर्बी आपल्या नेहमीच्या सरळ स्टिकनं खेळेल. लायल ऐन वेळी मोजणी मागेल, तोंडघशी पडेल आणि टार्बेटचा एक गडी कमी होईल. नियम कुठेच मोडत नव्हता. स्वयंपाकघरात लाकूड शेकू नये असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

दारिनाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू सरळ चालायला लागलास की तुला चक्कर येते का रे?"

रविवारी दुपारी सामना झाला. बाहेर उणे बावीस. आत माणसं एवढी की काचेवर वाफ धरली होती. पहिल्या दोन सत्रांत तीन-तीन बरोबरी. कर्बीनं दोन गोल केले, दोन्ही गोलकीपरच्या कानावरून. मायरनला थोडं नवल वाटलं, कारण कर्बीचा पक अकरा वर्षांत कधी गुडघ्याच्या वर गेला नव्हता. पण आनंदात माणूस फार चौकशी करत नाही.

तिसऱ्या सत्रात चार मिनिटं उरली असताना लायलनं आपल्या कप्तानाला बेंचजवळ बोलावलं आणि कानात काही सांगितलं. कप्तान पंचाकडे गेला. पंच म्हणजे म्हातारा ऑसी ट्रॉटर. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "होल्बी, सतरा नंबर. स्टिकची मोजणी."

सतरा नंबर म्हणजे कर्बी. मायरनच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. ते लपवायला त्यानं मान वळवली आणि कर्बीच्या हातातल्या स्टिककडे त्याचं लक्ष गेलं. पात्याच्या टाचेला काजळी होती.

"कर्बी," तो ओठ न हलवता म्हणाला, "ही कुठून आणलीस?"

"बटाट्यांच्या मागून. काय स्टिक आहे हो, कोच! कुणी लपवली होती कोण जाणे!"

मायरनचा चेहरा बेंचमागे आम्ही सगळ्यांनी पाहिला. आधी हसू गेलं, मग रंग गेला. तोंड उघडं राहिलं आणि समोरच्या खोट्या दातांची रांग थोडी खाली घसरली. एका हातानं त्यानं कठडा धरला. एक पाय थरथरत होता. स्टिक काढून घ्यावी तर गुन्हा कबूल केल्यासारखं होणार. ठेवावी तर दोन मिनिटं एक गडी कमी, आणि वर मिसेस फ्रीसन. ती तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती.

ऑसी मापपट्टी आणायला टेबलाकडे निघाला. आमच्या लीगमध्ये स्टिक पंचाच्या हाती जाईपर्यंत मागणी परत घेता येते.

लायल पलीकडच्या बेंचवरून मायरनकडे बघत होता. आधी हसू दिसलं, त्यानंतर हे मरणाचं सोंग. तो थरथरणारा पाय तर त्यानं चार वर्षं पाहिला होता.

"ऑसी!" लायल ओरडला. "राहू दे!"

"मोजायची की नाही? एक काय ते सांग."

"नाही मोजायची! ए मायरन, मला काय काल जन्मलेला समजतोस? तेच डोळे, तोच पाय! नवीन काहीतरी शीक रे आता!"

टार्बेटचे लोक हसले. आमचेही हसले. मायरन हसला नाही. त्याला बसायचं होतं, पण प्रशिक्षकाला बसायला जागा नसते.

दोन मिनिटांनी कर्बीनं निळ्या रेषेजवळून पक मारला. तो असा उसळला की गोलकीपरनं खाली बसून तो वर जाताना पाहिला. चार-तीन. सामना संपल्याची शिट्टी वाजल्यावर कर्बीनं आनंदानं ती स्टिक कठड्यावर आपटली. तिचे दोन तुकडे झाले, पातं प्रेक्षकांत गेलं आणि कुणीतरी ते घरी नेलं.

मग दोन्ही संघ रांगेत आले, हातात हात देत. ह्या रांगेत शिव्या नसतात. लायलनं मायरनचा हात धरला.

"आयुष्यात पहिल्यांदा सरळ जिंकलास. मानलं तुला."

मायरनला काहीतरी झालं. "लायल, स्टिक वाकडी होती. चमच्यासारखी."

"हो हो."

"आईशप्पथ."

"तुझ्या आईला जाऊन बारा वर्षं झाली, आणि त्याआधी तू तिला चार वेळा मारलंस सुट्टी मिळवायला. चल, पुढे हो."

सोमवारी सकाळी मायरन शिट्टी घेऊन मिसेस फ्रीसनच्या दारात उभा राहिला. त्यानं रात्रभर स्वतःशी वाद घातला होता म्हणे. दारिनानं त्याला कोट दिला.

"मिसेस फ्रीसन, स्टिक वाकडी होती. मीच वाकवली. वापरायचा बेत नव्हता, पण वापरली गेली. ही घ्या शिट्टी."

मिसेस फ्रीसननं शिट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "स्टिक कुठाय?"

"मोडली. पातं कुणीतरी नेलं."

"सोयीचंच झालं." तिनं चष्मा काढला. "टार्बेटनं किती देऊ केलंय?"

"काय?"

"लायल थकलाय, त्यांना माणूस हवाय, हे मला कळत नाही होय? जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी शिट्टी परत करतो? मायरन हलायको, तू पळायला बघतोयस."

"अहो, मी खरं सांगतोय!"

"तू?" ती म्हणाली, आणि आत जाऊन तीन वर्षांच्या कराराचा कागद घेऊन आली.

त्यानं उंबऱ्यातच तो कागद दोनदा वाचला. त्याला बेंचमागे उभं राहायचं होतं, ह्यात काही खोटं नव्हतं. पण ते असं मिळेल हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं सही केली. अक्षर शाळेतल्या पोरासारखं आलं होतं, असं मिसेस फ्रीसन सांगते.

कॉफीच्या दुकानात तो अजूनही कधीतरी म्हणतो, "ती वाकडी होती रे." आम्ही हसतो. तो कप अर्धा ठेवून उठतो.

आता प्रत्येक सामन्याआधी तो संघाच्या सगळ्या स्टिक बर्फावर ओळीनं मांडतो आणि मापपट्टी घेऊन एकेक मोजतो, सगळ्यांच्या देखत, घाई न करता. सगळ्या सरळ निघतात. टार्बेटशी सामना असला की लायल काचेला नाक लावून हे पाहत राहतो. गेल्या खेपेला त्यानं एकवीस स्टिकची मोजणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, मग आपल्या कप्तानाला म्हणाला, "ह्यात काहीतरी आहे. मला ते दिसत नाहीये, पण आहे." त्या सामन्यात टार्बेट पाच-एकनं हरलं, कारण त्यांचा प्रशिक्षक तीनही सत्रं खेळाऐवजी मायरनचे हात बघत होता.