व्याह्यांच्या गाडीतला वास

अमेरिकेत आलेल्या आपल्या माणसांपैकी कुणी इथल्या घरावर प्रेम करतं, कुणी पगारावर, कुणी नुसत्या सेलवर. पण इथल्या कायद्यावर मनापासून प्रेम करणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या सुनेचे वडील. मूळचे नागपूरचे, पण नोकरी सगळी इथे, रस्तेखात्यात इंजिनिअर म्हणून. मॉरिसव्हिलमध्ये आमच्यापासून जवळच एकटे राहतात. रस्ता रिकामा असला तरी स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पूर्ण थांबवून डावीउजवीकडे अशा आदराने पाहतात, की वाटावं, पाटीला नमस्कारच करताहेत. मागच्याने हॉर्न दिला तर आरशात बघून म्हणतात, "घाई त्याला आहे. कायद्याला नाही." पार्किंगची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते तिथून हलत नाहीत, एका लग्नाला आम्ही त्यामुळे अक्षता पडून गेल्यावर पोचलो. आमच्या नातीला शाळेतून आणायचं काम त्यांच्याकडे होतं. वाटेत प्रत्येक पाटीमागचा इतिहास तिला सांगायचे. ती "नाना, आय नो!" म्हणायची आणि तरीही ऐकायची. विधुर माणूस, त्यांच्या दिवसाला तेवढंच एक बोलणं होतं.

माझे गुडघे धरले तेव्हा त्यांनी स्वतःहून तेलाची जबाबदारी घेतली. हेम्पची फुलं तिळाच्या तेलात मंद आचेवर उकळायची, गाळायची आणि बाटली माझ्या हातात द्यायची. हेम्प म्हणजे गांजाचा सख्खा भाऊ. दिसायला तसाच, वासालाही तसाच. फक्त नशा चढवत नाही, म्हणून कायद्याने चालतो. व्याह्यांनी त्याचे सगळे नियम वाचून काढले होते. "व्याहीबुवा, हे तेल शंभर टक्के कायदेशीर आहे," असं ते इतक्यांदा म्हणत, की गुडघ्याला आधी त्यानेच आराम पडायचा.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी आम्ही दुकानातून फुलं घेतली. पॅकेटवर लेबल होतं, लॅबचा दाखला होता आणि मधोमध भलंमोठं पान छापलेलं होतं. तिथून पुढे देवळात जायचं होतं. आपली माणसं भेटणार, कुणी ते पान पाहिलं तर? व्याही बाहेर पार्किंगची पाटी वाचत होते. माझ्या पिशवीत श्रीखंडाचा रिकामा डबा होता. आपल्या घरात कुठली वस्तू आणलेल्या पुडक्यात राहते? मी फुलं डब्यात ओतली आणि पॅकेट कचऱ्याच्या पेटीत टाकलं. मला वाटलं, मी सोय केली.

वाटेत पोलिसाने थांबवलं. कारण, व्याही इतके हळू चालवत होते की त्याला शंका आली. काच खाली गेली आणि तो पोरगेला पोलीस म्हणाला, "सर, गांजाचा वास येतोय." व्याह्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी कायद्यावर बोलायला कुणीतरी भेटलं होतं.

"ऑफिसर, हा हेम्प. वास तोच, कारण झाड तेच. मग तुमच्या नाकाला फरक कसा कळला?"

"कळत नाही, सर. म्हणूनच गाडी तपासावी लागेल."

"अहो, पण हे उलट झालं! कळत नसेल तर तपासणार कशावरून?"

"वासावरून, सर."

व्याही हसले. "ठीक. लेबल आहे. व्याहीबुवा, जरा पॅकेट द्या."

मी श्रीखंडाचा डबा पुढे केला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोलिसाने आम्हाला कडेला उभं करून सगळी गाडी उपसली. छत्र्या, घडीची खुर्ची, नातीचे बूट. हिंगाच्या डबीपाशी तो सगळ्यात जास्त अडखळला. शेवटी डबा लॅबला गेला, आणि गाडी व्याह्यांची म्हणून कोर्टाचा कागदही त्यांच्याच नावावर. पुढे लॅबने हेम्पच आहे असं कळवलं, प्रकरण मिटलं. वकील म्हणाला, काही राज्यांतली कोर्टं आता नुसता वास पुरत नाही म्हणतात. आपल्या राज्यात अजून पुरतो.

आमच्या घरीही पुरला. त्या संध्याकाळी सून वडिलांवर कडाडली, "बाबा, ओरिजिनल पॅकेट का नाही ठेवलं? तुम्ही तर रूल्सवाले! पोरगी गाडीत असती म्हणजे?" मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "चुकलं माझं, बेटा." लग्नाला इतकी वर्षं झाली, मानपानाचा शब्द कधी निघाला नाही, तरी मुलाच्या बापाला लेकीसमोर खाली बघायला लावायचं नाही, हा एक कायदा त्यांनी कुठल्याही पाटीवर न वाचता पाळला. मी मुलाचा बाप. त्या कायद्याच्या आडोशाला बसून चहा प्यायलो.

"थोडे दिवस तिला शाळेतून मीच आणत जाईन," सून म्हणाली. ते थोडे दिवस संपले नाहीत. महाराष्ट्र मंडळात कुजबुज झाली, "काय मग, व्याह्यांचं धूम्रपान कसं चाललंय?" मी हसून चिवड्याची बशी पुढे करायचो. थकवा येतो असल्या हसण्याचा, पण तो फार उशिरा कळतो.

मागच्या महिन्यात मी सुनेला सगळं सांगितलं.  तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, उद्यापासून तिला शाळेतून तुम्ही आणाल?"

"अगं, नजर कमी झाली. मी लायसन्स परत करून टाकलं," ते म्हणाले. "कुणी मागितलं नव्हतं. पण नियम कळतो ना आपल्याला."

आता नात स्वतःच गाडी शिकते. शनिवारी ती चालवते, शेजारी तिची आई, मागे आम्ही दोघं म्हातारे. व्याही पाट्यांबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. तिचं लक्ष विचलित होईल म्हणतात. परवा एका वळणावर तिने ब्रेक जोरात दाबला. मी पुढे जाणार तोच त्यांनी हात आडवा घालून मला सावरलं. गाडी सुरळीत चालू लागली तरी तो हात त्यांनी थोडा वेळ तसाच ठेवला.