टेकडी की रूळ

दुपारचं जेवण झालं की मी डाव्या कुशीवर लवंडते. आज मात्र वामकुक्षी नावालाच आहे, कान दाराकडे आहेत. चार वाजता इस्माईल मिस्त्री करवत घेऊन येणार आहेत. पंखा कुरकुरतोय, खाली भंगारवाला ओरडत चाललाय, पापणीला पापणी लागतेय न लागतेय तोच पलीकडच्या खोलीतून इंजिनाची घरघर ऐकू येते.

ते इंजिन चालवणारा माणूस गेल्या वर्षी गेला. आमचे हे. अरविंद घारपुरे.

मी उठते, निदान उठल्यासारखं वाटतं. खोलीत शिरायला जागा अशी नाहीच, भिंतीपासून भिंतीपर्यंत एका फळीवर आमची खेळण्यातली रेल्वे पसरलेली आहे. लहानपणी दोघांनीही पाहिलेली मिरजेची छोटी गाडी, मुठीत मावेल एवढं इंजिन, एक स्टेशन, एक नदी आणि एक टेकडी. रूळ, इंजिन, सिग्नल त्यांचे. जमीन, झाडं, माणसं माझी. चहाचा चोथा वाळवून मी रुळांखालची खडी केली, काथ्या हिरवा रंगवून करवंदीच्या जाळ्या केल्या, उदबत्तीच्या काड्यांचे तारांचे खांब केले. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून बोटांवरचा वाळलेला फेव्हिकॉल सोलायचो, त्यासारखं सुख नाही. पण एवढा पसारा खोलीत बसून उभारला आणि तो दारातून बाहेर जाईल का, हे कुणी मोजलंच नाही. आता बिल्डिंग पाडायची आहे, आम्हाला घरं रिकामी करायची आहेत, आणि रेल्वे आत अडकलेली आहे. म्हणून करवत.

हे स्टुलावर बसलेत. अंगात बाह्यांचा बनियन, चष्म्याला दोरी. मान वर न करता विचारतात, "करवत आली?"

"चारला येतेय."

"लाज नाही वाटत?"

"ती तुम्हाला वाटायला हवी. फळी मांडताना दाराचं माप घेतलं नाहीत. वर तुम्ही गेल्यावर सगळा मजला मला सांगत होता, किती मोजूनमापून वागणारा माणूस! मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय."

"मी माप घेतलं होतं," हे म्हणतात. त्यांचा आवाज तोच, सुपारी कातरल्यासारखा.

"मग जात का नाही बाहेर?"

पायांखाली खरखरतंय. बघते तर आम्ही स्टेशनच्या फलाटावर उभे आहोत. हा फलाट मी पॉलिश पेपरचा केला होता, चपलेतूनही टोचतोय. बाकावर माझी माणसं बसलेली आहेत, आता ती माझ्याएवढी आहेत आणि त्यांना चेहरे नाहीत. एवढ्याशा माणसांना चेहरे कुणी काढत नाही. तरी ती माझ्याकडेच बघतायत हे मला कळतं. खडीतून चहाचा वास येतोय.

हे फलाटावरून तपासनीसासारखे चालतात. एका बाईपाशी थांबतात. "हिचा पदर उजव्या खांद्यावर आहे."

"ती गुजराती आहे."

"चुकून झालीय गुजराती."

"माझी माणसं आहेत. मी करीन ती जात आणि मी देईन तो पदर. तुमचे रूळ बघा. ते आज कापले जाणार आहेत."

हे गर्रकन वळतात. एवढं संतापलेलं मी त्यांना जिवंतपणीही क्वचितच पाहिलं आहे. "रुळाला हात लावायचा नाही! एकेक स्लीपर मी चिमट्यानं बसवलाय. एकदा रूळ कापला की गाडी त्या जागी उडी मारणार. कायमची."

"मग न्यायची कशी? डोक्यावर घेऊन?"

"टेकडी फोड."

"माझी टेकडी?"

"तुझीच. दुसरी कुणाची आहे?"

ते तरातरा नदीकडे निघतात, मी मागोमाग. नदी व्हार्निशची आहे, चपला चिकटतात, प्रत्येक पाऊल सोडवून घ्यावं लागतं. पलीकडच्या काठाला दवाखान्याचा कॉरिडॉर लागतो. माझ्या हातात डबा आहे. हे खुर्चीत बसलेत, नाकात नळी आहे, आणि कॉरिडॉरच्या टोकाला आमचा सिग्नल लाल होऊन उभा आहे.

"पेज असेल तर नको," हे म्हणतात.

"पेजच आहे. आणि विषय बदलू नका. टेकडी का फोडायची?"

"कारण फळी एक नाहीच. दोन आहेत. मधे सांधा आहे, खालीवर नट आहेत, खालचे केव्हाही सुटतात. वरचे तुझ्या टेकडीखाली गाडले गेलेत. नट काढले की दोन्ही तुकडे उभे करून दारातून सरळ बाहेर. रूळसुद्धा मी तिथे जोडूनच ठेवलेत, सुटे होतात. मी माप घेतलं होतं."

माझ्या हातातला डबा कुठे जातो कळत नाही. समोर टेकडी आहे, खरोखरीच्या टेकडीएवढी. जाळी, त्यावर रद्दीचे थर, त्यावर प्लास्टर, त्यावर करवंदी, आणि माथ्यावर देऊळ. याच देवळावरून आमचं वाजलं होतं. देऊळ मोठं झालंय, यात शिरायला हत्तीएवढा पुजारी लागेल, असं हे म्हणाले होते. देव मोठाच असतो, असं मी म्हणाले होते आणि अबोला धरला होता. त्याच आठवड्यात मी टेकडीचं प्लास्टर ओतलं. फळीवर तिथे एक फट दिसायची, ओंगळ दिसायची, म्हणून नेमकं त्या जागी.

"तुम्ही समोर बसला होतात," मी म्हणते. "चहा पीत होतात. मी बादली कालवताना बघत होतात."

"बघत होतो."

"मग तोंडातून शब्द का नाही काढलात?"

"आपल्या घरचा नियम काय? अबोला ज्यानं धरला त्यानं आधी बोलायचं. तू धरला होतास."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. मला इतका राग येतो की या माणसाला पुन्हा एकदा पोचवून यावंसं वाटतं.

"अबोला आठवड्यात सुटला! त्यानंतर वर्षानुवर्षं समोरासमोर बसलो. तेव्हा सांगायला काय झालं होतं? तेव्हाच फोडली असती. नवी केली असती."

हे टेकडीकडे बघतात. चष्मा कपाळावर सारतात, अगदी बारीक काम बघताना करायचे तसं. करवंदीच्या एका जाळीला बोट लावतात.

"चांगली झाली होती," हे म्हणतात. तेही रागानंच.

"काय?"

"टेकडी. चांगली झाली होती. फोड म्हणवेना."

मला रडू येतं आणि त्याचाही राग येतो. "हे जिवंतपणी बोलला असतात तर जीभ झडली असती? उभ्या जन्मात माझ्या एका झाडाला बरं म्हणाला नाहीत. सारखी फूटपट्टी! आणि आता येऊन सांगताय, तेही फोडायच्या दिवशी?"

"देऊळ मोठंच आहे," हे म्हणतात.

"असू दे!"

"हात पुढे कर."

मी करत नाही. हे माझा हात ओढून घेतात, त्यांची बोटं नेहमीसारखी खरखरीत आहेत, वाळलेल्या फेव्हिकॉलची. तळहातावर काहीतरी गार ठेवतात आणि मूठ बंद करतात. "शेवटचा एक बसवायचा राहिला होता. त्याच्या आतच तू बादली उपडी केलीस. तेव्हापासून खिशात आहे."

"तुमचे कपडे तर मी सगळे देऊन टाकले."

"सगळे?" हे विचारतात, आणि सिग्नल हिरवा होतो, आणि बेल वाजते.

बेल खरीच वाजतेय. मी डाव्या कुशीवरच आहे, उशी ओली आहे, पंखा कुरकुरतोय. उजवी मूठ इतकी घट्ट आवळलीय की बोटं एकेक करून उघडावी लागतात. आत एक छोटा नट आहे, दोन कान असलेला, हातानं फिरवायचा. तळव्यावर त्याच्या कानांचे लाल वळ उठलेत.

दार उघडते. इस्माईल मिस्त्री करवत भिंतीला टेकवून खोलीत डोकावतात. "वहिनी, कुठनं कापू?"

"कापायचं नाही. हातोडी आणलीय का? फळीला मधे सांधा आहे. टेकडीखाली."

मिस्त्री वाकून टेकडी न्याहाळतात. "ही फोडायची? आवो, एवढी झकास झालीय की!"

"माहीत आहे," मी म्हणते. "आत्ताच कळलं."

मी आधी देऊळ अलगद उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवते. नव्या घरी ते पुन्हा बसणार आहे, एवढंच्या एवढं मोठं. मग मिस्त्रींच्या हातातून हातोडी घेते.