हेच अगत्याचे आमंत्रण

बायको पन्नाशीला टेकताना पीएच.डी. करायला बसली. विषय असा, की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बातमी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते. पण कुणी धड सांगेचना. "मॅडम, कुठून आलं कुनाला ठाऊक. आलं ते पाठवलं," एवढंच उत्तर. शेवटी तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं: एका तरी निरोपाचा माणसागणिक माग दाखवा, नाहीतर महिनाअखेर विषय बदला. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मी बोरी गावच्या आमच्या शेतात हुरडा ठरवला. घरच्या ग्रुपात माणसं बावीस. माणशी पाच कणसं धरून हिशेब केला, निमंत्रण टाकलं आणि लग्नपत्रिकेच्या सवयीनं खाली जोडलं, 'नजरचुकीने कोणास कळवायचे राहिल्यास हेच अगत्याचे आमंत्रण समजावे.'

रविवारी सकाळी बांधावर मोटारसायकलींची रांग लागली. चुडावा गावाहून जीप भरून मंडळी उतरली. त्यातला एकही चेहरा ओळखीचा नव्हता.

"आपण कोणाकडचे?" मी विचारलं.

"तुमीच बोलावलं की! नजरचुकीनं राहिलो होतो आमी."

माझा हिशेब तिथंच संपला. आगटीपाशी कणसं भाजणारा मेहुणा ओरडला, "दाजी, घरी खायला ज्वारी ठेवायची हाय का न्हाई औंदा?"

बायको मात्र वही घेऊन पळत सुटली. बिनबोलावता आलो असं कुणाला वाटू नये म्हणून जो तो आपणहून मोबाइल काढून दाखवत होता.

"मला जावयानं पाठवलं, बघा."

"अन् जावयाला मी! माझं पयलं लिव्हा, मॅडम."

दुपारी एक गाडी आली. आत सहकुटुंब सर! बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी बोलावलं नव्हतं.

"सर, तुम्हाला कोणी कळवलं?"

"आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आलं," सर मोबाइल चाळत म्हणाले. "तिथं कुठून आलं, देव जाणे."

"मीच धाडलं की!" चुडाव्याचे एक पाहुणे सरांच्या मोबाइलात डोकावून म्हणाले. "तुमच्या कॉलनीत माझा साडू राहतो."

बायकोनं साखळीचा हा शेवटचा दुवाही वहीत टिपला. "सर, मग विषय बदलू का?"

सरांचं तोंड गरम हुरड्यानं भरलं होतं. त्यांनी जोरजोरात मानेनंच नाही-नाही केलं, आणि बायकोनं चटणीच्या हातांनीच, अख्ख्या चुडाव्यासमोर, मला मिठी मारली.