चाकणचा फॉलोअप

आमच्या मुलींच्या वसतिगृहातली बोअरची मोटार जळून तीन आठवडे झाले, तेव्हा मी अंबाजोगाईहून पुण्याची एसटी पकडली. मोटार गॅरंटीत होती, म्हणून दुकानदाराने ती चाकणच्या कारखान्यात पाठवलेली. रोज फोन केला की एकच उत्तर: "फॉलोअप घेतो, मॅडम." इकडे दहावीच्या मुली पुस्तकं सोडून हापशावर रांग लावत होत्या आणि परीक्षा तोंडावर आलेली. माझं डोकंच फिरलं होतं.

काळेवाडीत भाच्याकडे मुक्काम केला. सकाळी त्याने झणझणीत मिसळ खाऊ घातली आणि बजावलं, "मावशी, फॉलोअप म्हणजे काम झालं का, हे पुन्हा पुन्हा विचारणं. काम करणं वेगळं."

मोशीत बस अशी अडकली की चालत गेले असते तर आधी पोचले असते. चाकणच्या चौकातून पुढे सिक्स सीटर (म्हणायची सहा जणांची, कोंबतात दहा). उतरताना चपलेचा अंगठा तुटला. तशीच पाय ओढत कारखान्यात शिरले.

ऑफिसातल्या मुलीने चहा मागवला आणि सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझरने मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने पुण्यातल्या मोठ्या साहेबांना मेल टाकली. "फॉलोअप चालू आहे हं," मुलगी गोड हसली. दोन तास हे असंच वर वर चाललं होतं. खाली शेडमध्ये जाऊन बघावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

शेवटी मीच गेले. तिथे एक वयस्कर कारागीर तारा गुंडाळत बसले होते. त्यांना मोटारीचा नंबर सांगितला.

"ही व्हय?" त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. "ही तर गेल्या गुरुवारीच झाली की, ताई."

"अहो, मग सांगितलं का नाही कुणाला?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

रागाने मला रडूच फुटलं. बिचाऱ्यांनी स्वतःच्या डब्यातली गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि मोटार फाटकापर्यंत उचलून आणून दिली.

परतीच्या एसटीत मोटारीच्या शेजारी बसून विचार करत होते. तीन आठवडे फोनवरून मीही दुसरं काय केलं होतं?

चौथ्या दिवशी मुली ओसरीवर अभ्यासाला बसल्या होत्या, तेव्हा पुण्याहून मोठ्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, मेल आत्ताच पाहिली. काळजी करू नका, मी स्वतः फॉलोअप घेतो."

नळाखाली बादली भरत होती, तिच्याजवळ मी फोन धरला.