वहिनींच्या बाहुलीचं कुंकू

करमणुकीच्या उद्यानातल्या दुकानांबाबत माझा एक नियम आहे. आतल्या दुकानात जे हातानं बनतं, त्याची नक्कल दारातल्या दुकानात ठेवायची नाही. दारात किचेन, टोप्या, चित्रांचे मग, काय हवं ते विका. रोजचा खर्च तिथंच निघतो. पण घरी गेल्यावर माणसाला आठवतं ते आतलं दुकान. ही दोन्ही पारडी सांभाळणं मला जमतं, असं या धंद्यातले लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. नियम कुठं शिकलो, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात पाचगणीच्या रस्त्याला असं एक उद्यान निघालं. पाळणे, झुकझुकगाडी आणि मधोमध नकली खेडं. दुकानं माझ्या ताब्यात होती. खेड्यात एक तरी दुकान खरं असावं, म्हणून मी आष्ट्याहून वहिनींना आणलं. थोरला भाऊ फौजेत, सरहद्दीवर. वहिनी माधवनगरच्या गिरणीतल्या चिंध्या आणून नऊवारीतल्या बाहुल्या शिवायच्या. स्वतःचं दुकान असावं, एवढं एकच त्यांनी आयुष्यात मागितलेलं मला माहीत आहे. मालकांनी एक हंगाम दिला होता. चाललं तर दुकान त्यांचं.

बाहुली विकली गेली की वहिनी तिच्या पदरात तांदळाचे दाणे बांधायच्या आणि मगच ती मुलीच्या हातात द्यायच्या. लेक सासरी निघाली, तिची ओटी रिकामी कशी ठेवायची? मुली डोळे मोठे करून बघत राहायच्या. दुकान सावकाश पण नीट चाललं होतं.

मालकांना सावकाश काही आवडत नसे. हीच बाहुली दारात स्वस्तात मिळाली तर, असं त्यांनी सहज विचारलं. मला बढती हवी होती. मी मुंबईच्या व्यापाऱ्याला नमुना पाठवला, आणि तोही माझ्या मुलीची बाहुली. वहिनींनी ती यष्टीत बसून पुरी केली होती. घाटात गाडी उसळली आणि कुंकू डावीकडं झुकलं. “गाडी लागली बगा पोरीला,” असं म्हणत त्यांनी ती माझ्या लेकीला दिली होती.

प्लॅस्टिकच्या बाहुल्या पोत्यांनी आल्या. आत शिरतानाच पोरांच्या हातात बाहुली येऊ लागली, मग खेड्यातल्या दुकानापाशी कोण थांबणार? वहिनींना मी सांगितलं, व्यापारी माल घेऊन आला, मालकांनी ठेवून घेतला, माझं काही चाललं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

एकदा मी तिथं असताना एक मुलगी दारातली बाहुली घेऊन आली आणि हिलाही तांदूळ द्या म्हणाली. आई ओशाळली, मुलीला ओढू लागली. प्लॅस्टिकच्या पदराला गाठ कुठली बसायला? वहिनींनी मुलीच्याच रुमालात दाणे बांधून दिले. “कुणाची का असंना,” त्या म्हणाल्या, “तशीच कशी धाडायची?”

हंगाम संपला. मालकांनी माझं मत विचारलं आणि बंद करा असं मीच सांगितलं.

सामान टेम्पोत चढलं. मी दोर आवळत होतो. वहिनी पुढं बसल्या होत्या. खिडकीतून वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, “भावजी, साच्यात घालायच्या आदी तिचं कुंकू तरी सरळ करायचं की.”

म्हणजे पहिलं पोतं फुटलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. मी बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधत बसलो.

दिवाळीला भाऊ रजेवर आला. दुकान का बंद पडलं, असं त्यानं मला जेवताना विचारलं. मी घास चावत राहिलो. वहिनी भाकरी वाढत होत्या.

“लय लांब पडत हुतं,” त्या म्हणाल्या.

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.